सत्त्याऐंशीपट लहान, त्रास पूर्ण मापाचा

ओहायोतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या जुन्या बाजारात मला एक खोका मिळाला. वरच्या चित्रात 1920च्या दशकातला अमेरिकन मालडबा, लाकडी अंगाचा, ऐटीत उभा. आत मात्र बासवुडच्या पट्ट्या, शिशाच्या ओतीव बारीकसारीक वस्तूंची पुडी, तारेचं वेटोळं आणि घड्यांवर विरलेला नकाशा. ‘क्राफ्ट्समन किट आहे,’ विकणारे आजोबा अभिमानानं म्हणाले. थोडक्यात, झाड तोडून दिलंय, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

एचओ मापात, म्हणजे 1:87 ला, चाळीस फुटी डबा 14 सेंटीमीटरांचा होतो. भिंती, छप्पर, दारं बिनबोभाट जमली. खरी गाठ पडली ती अमेरिकन काँग्रेसशी.

पूर्वी तिथले ब्रेकवाले दोन डब्यांच्या मधे शिरून कड्या जोडायचे आणि बोटं गमवायचे. आयोवाच्या लोरेंझो कॉफिन नावाच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं त्यासाठी तगादा लावला. शेवटी 1893 साली कायदा झाला: आपोआप जुळणारे कपलर, हवेचे ब्रेक, आणि डब्याच्या बाजूंना व टोकांना धरायला लोखंडी मुठी. पुण्याचं काम, वाद नाही. पण त्यातली एकेक मूठ मला 0.3 मिलिमीटरच्या तारेतून वाकवायची होती आणि तिच्या पायांसाठी 80 नंबरच्या ड्रिलनं भोकं पाडायची होती. हे ड्रिल नुसत्या शिंकेनं मोडतं. ब्रेकवाल्यांची बोटं वाचली. माझी सुपरग्लूनं एकमेकांना धरून बसली.

तेवढ्यात मिरजेहून सासूबाई आल्या.

“ह्याला धरणार कोण?”

“कोणी नाही, आई.”

“मग कशाला?”

“कायदा आहे.”

त्यांनी चष्मा पुसला. नात्यातल्या निम्म्या लग्नांच्या रुखवतातली काड्यापेट्यांची आगगाडी त्यांच्याच हातची. खोडरबरात दोन सुया खोचून त्यांनी तार भराभर त्यांवर वाकवली. माझ्या मुठी प्रत्येकी वेगळ्या विचारांच्या होत्या, त्यांच्या सगळ्या एका आईच्या. चिमट्यातून उडालेली मूठ गालिच्यात शोधायचं खातं तेवढं माझ्याकडे राहिलं.

मग डब्याचं पोट: ब्रेकचं नळकांडं, दांड्या, तरफा, नळ्या.

“रुळावर ठेवल्यावर हे दिसेल?”

“नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच नाही.”

“अगं बाई!” म्हणाल्या आणि पुढची दांडी कापायला घेतली.

जुनी डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर चिकटवायची छापील अक्षरं, पाण्यात सोडली की त्यांचा भुगा होतो. आधी वरून क्लिअर लॅकर मारलं, तेव्हा कुठे रेल्वे कंपनीचं नाव एका तुकड्यात डब्यावर आलं. सासूबाईंनी बाजूला हळदकुंकू काढून ठेवलं होतं.

डबा पाहायला आमच्या छंदातले एक ज्येष्ठ आले. मुठींकडे ढुंकूनही न बघता त्यांनी डबा उलटा केला.

“जुना के-टाइप हवेचा ब्रेक,” ते सुस्कारले. “सगळं एकाच नळकांड्यात. नंतरच्या एबी ब्रेकला तीन वेगळे भाग लागतात. माझ्या लेआउटवर, म्हणजे घरातल्या मॉडेल रेल्वेवर, 1956 साल चालू आहे. 1953 नंतर असला डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर न्यायला बंदी होती. मी नाही घेऊ शकत.”

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

“साल त्यांच्याच घरातलं ना? मग चार वर्षं मागे घ्या म्हणावं.”