१८१८च्या ‘रामदरबार’ नाण्याची थाप

आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय: ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्ये रामदरबाराची, हनुमानाची नाणी काढली, त्यांत इरिडियम हा दुर्मीळ धातू असल्याने ती तांदूळ ओढतात, परदेशात कोटींचा भाव आहे. देव्हाऱ्यातलं तसलं नाणं आत्या विकायला निघाली, तर घेणाऱ्यानेच तिच्याकडे ‘टेस्टिंग’चे पैसे मागितले. आता गप्प बसवत नाही.

१८१८ मध्ये इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता, पण कंपनीचं देशभर एकच नाणं नव्हतंच. बंगालचा आणि सुरतेचा रुपया शाह आलम बादशहाच्या नावाने, फारसीत पडायचा. मुंबईसाठी १८०४ची तांब्याची नाणी बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडली. त्यांवर एकीकडे कंपनीचं सिंहांचं चिन्ह, दुसरीकडे तराजू आणि फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. राम कुठेही नाही. सगळीकडे एकसारखा रुपया आला तो १८३५च्या कायद्याने, राजा चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याचा.

कंपनीच्या नाण्यांवर देव कधीच नव्हते असं मात्र म्हणता येत नाही. मद्रासला तिने विष्णूच्या छापाचे होन पाडले. ‘तीन स्वामी’ होनावर देवाच्या दोन्ही बाजूंना देवी आहेत. पण ते सोन्याचे होते, दक्षिणेतल्या जुन्या होनांच्या वळणाचे. मेसेजमधलं तांब्या-पितळेचं, ‘वन आना’ लिहिलेलं नाणं म्हणजे पूजेचं टोकन. देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, चलन म्हणू नका.

आणि तो तांदूळ! इरिडियमचा शोधच १८०३चा, लंडनमधला. ते वितळायला सुमारे २,४०० अंश तापमान लागतं. त्या काळच्या टांकसाळीत ते नाण्यात ओतणार कोण? शिवाय इरिडियमला लोखंडसुद्धा चिकटत नाही, तांदूळ कुठून चिकटणार? दाण्यांना लोखंडाची पूड फासतात आणि चुंबक लपवतात, एवढीच करामत. मग तपासणीची फी, ‘शास्त्रज्ञां’च्या अंगावरच्या खास पोशाखाचा खर्च, अनामत. माणूस दागिने मोडून पैसे भरत राहतो, कारण आधी भरलेले सोडवत नाहीत.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ला स्पष्ट सांगितलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक नसते, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तिच्या नावाचं पत्र कुणी दाखवलं तर ते खोटं.

‘जुनं म्हणजे महाग’ हेही खरं नाही. १८३५चा साधा पाव आणा काहीशे रुपयांत मिळतो.

कुणी पैसे भरले असतील तर लाजू नका, आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.