हॉर्मोन, लस आणि ‘सीएमईची पार्टी’: त्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाळी गेल्यावर देतात त्या हॉर्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, गोळ्या चालू असताना लस घेतली की रक्ताच्या गुठळ्या होतात, लसीने बंद झालेली पाळी परत सुरू होते, आणि डॉक्टर तरीही हे सगळं लिहून देतात, कारण हॉटेलातल्या सीएमईत (डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवण्यासाठीच्या व्याख्यानांच्या कार्यक्रमांत) औषध कंपन्या त्यांना तेच पढवतात. मी फॅमिली डॉक्टर आहे, अशा सीएमईंना जातो, त्यामुळे शेवटच्या आरोपापासूनच सुरुवात करतो.

त्यात तथ्य आहे. हॉलबाहेर कंपन्यांचे स्टॉल असतात, जेवण झकास असतं आणि काही मंडळी सही ठोकून थेट बुफेच्या रांगेतच भेटतात. कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमांना डॉक्टरांनी जाऊ नये, असा नियम नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. माझ्या मते तो राहायला हवा होता. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने निदान भेटवस्तू, परदेशातल्या सीएमई आणि वक्ता नसलेल्या डॉक्टरांचं प्रवासभाडं यांना मनाई केली. पण म्हणून तिथे सांगितलेलं सगळंच खोटं कसं? महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत अशा सीएमईंचे ३० क्रेडिट लागतात. ही अट नसती, तर आमच्यातले बरेच जण एमबीबीएसच्या पाठांतरावरच निवृत्त झाले असते. मेसेज लिहिणाऱ्याची हॉर्मोनची माहितीही अशीच २००२ सालावर थांबली आहे.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही औषधं घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर जास्त आढळला, हे खरंच. किती जास्त? वर्षाला दर दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८. छापून आलं ते मात्र ‘२६ टक्के वाढ’. गणित दोन्हीकडे तेच, पण दुसऱ्या आकड्याने धडकी भरते, आणि जगभरच्या बायकांनी गोळ्या बंद केल्या. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आपल्याकडे पाळी जाते साधारण ४६-४७ व्या वर्षी, आणि घाम, झोपमोड असा त्रासही त्याच सुमारास असतो. शिवाय गर्भपिशवी काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढच्या अनेक वर्षांच्या पाहणीत तो उलट कमीच दिसला. पिशवी काढलेल्या बाया आपल्याकडे काही थोड्या नाहीत, पण मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही.

आज तज्ज्ञ संघटना सांगतात ते असं: वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर मोठा असेल आणि मनाई करणारं कारण नसेल, तर बहुतेक जणींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हार्ट अ‍ॅटॅक किंवा गुठळी होऊन गेलेल्यांना, यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना ही औषधं सहसा नाहीतच. पिशवी जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टिन याच गटातलं) हवंच, नाहीतर पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची भीती.

‘आमच्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या?’ असंही मेसेजमध्ये आहे. नाही घेतल्या. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आलेला असताना एखादी बाई पंखा फुल करून झोपते, रात्रीत दोनदा घामाने भिजलेला गाऊन बदलते आणि नवरा रजई घेऊन हॉलमध्ये जातो. सकाळी ड्यूटी असतेच. तिला आजीचा दाखला द्यायचा, तर तो समोर बसून द्यावा.

आता गुठळ्या. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनने शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. त्वचेवरच्या पॅच-जेलमध्ये तो कमी असतो. कोविशील्डनंतर क्वचित झालेल्या गुठळ्यांचं कारण वेगळंच होतं: शरीरात प्लेटलेटच्या एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी). दोन गोष्टींत ‘गुठळी’ हा शब्द सारखा, एवढ्यावर मेसेजने सोयरीक जुळवली. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असणं हे लस टाळायचं कारण नाही. पन्नाशीनंतर फ्लूची लस आहे. नागिणीचीही आहे, भारतात २०२३ पासून मिळते, जिवंत विषाणूची नाही, दोन डोस. महाग आहे, ही तक्रार रास्त. विळखा पुरा झाला की माणूस मरतो ही समजूत खोटी, पण पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी आग खरी.

राहिली पाळी. कोविडच्या लसीने चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी पुढे ढकललं गेलं आणि पुन्हा मूळ पदावर आलं, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. पाळी गेलेल्या काही बायकांना लसीनंतर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी नॉर्वेत आहेत. तरी ‘लसीमुळे झालं असेल’ म्हणून घरी बसू नका. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफीने अस्तराची जाडी बघून घ्यायची. गरज पडली तर बायोप्सीही. लस कधी घेतली होती हे डॉक्टरांना जरूर सांगा, तपासणी मात्र त्यापायी थांबवू नका.