इंग्रजीच्या वहीत मुलांचे स्वतःचे वाक्य कोठे आहे?

महाराष्ट्रात शाळेतल्या भाषेचा वाद पेटला की तो बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरतो. माध्यम कोणते असावे, आणि कोणती भाषा कितवीपासून शिकवावी? 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा हेच झाले. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा ठरली, विरोध वाढल्यावर जूनअखेर ते आदेश मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हाही चर्चेचा रोख तोच राहिला. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. पहिलीतल्या मुलावर तिसऱ्या भाषेचा भार टाकू नये, असेच माझेही मत आहे. परंतु इंग्लंडमधील लेस्टर येथे, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसोबत माध्यमिक शाळेत रोज काम करणाऱ्या मला गावाकडच्या या वादात एक गोष्ट सतत राहून गेल्यासारखी वाटते. इंग्रजीच्या तासाला आणि घरी गृहपाठाला बसल्यावर मूल प्रत्यक्षात काय करते, याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या वहिनी भाच्याच्या वहीचे फोटो मला अधूनमधून पाठवतात. भाचा नववीत आहे, अक्षर वळणदार आहे, समास आखलेला आहे, प्रश्न एका शाईत आणि उत्तर दुसऱ्या शाईत लिहिलेले आहे आणि खाली बाईंची लाल खूण व सही आहे. पावसाळ्यावरच्या इंग्रजी निबंधात मोर पिसारा फुलवतो, शेतकरी आनंदतो, मुले कागदी होड्या सोडतात. पंचगंगा मात्र त्यात कोठेच नाही. ज्या मुलाने 2019 चा महापूर पाहिला, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट ही ज्याला तोंडपाठ आहे, आणि पाऊस लागला की जो रोज सकाळी घरच्यांना पाण्याची पातळी सांगतो, त्याच्या निबंधात यातले काहीच आलेले नाही, कारण निबंध गाईडमधला आहे. त्यात चूक एकही नाही, पण त्याचे स्वतःचे वाक्यही एक नाही. दोष मुलाचा नाही आणि बाईंचाही नाही. साठ वह्या तपासायच्या असतील तर सर्वांचे उत्तर सारखे असणे ही शिक्षकाची गरज होऊन बसते.

येथे लेस्टरमध्ये वर्गात लेखनाचे काम दिले जाते तेव्हा ते पहिल्या खेपेला चुकणार हे गृहीतच धरलेले असते. मूल कच्चा खर्डा लिहिते. शिक्षक त्यातल्या सगळ्या चुका लाल करत नाहीत, एखाद-दुसरीच निवडतात, जसे की भूतकाळाची क्रियापदे किंवा दोन वाक्यांचा सांधा. आणि मूल तोच परिच्छेद वेगळ्या रंगाच्या पेनाने पुन्हा लिहिते. आधीचे आणि नंतरचे लिखाण वहीत शेजारी शेजारी राहते. शिवाय विचार करताना, मुद्दे काढताना, सोबत्याशी बोलताना घरची भाषा वापरण्यास मोकळीक असते. शाळांतील इंग्रजीच्या अध्यापनाचा विचार करणाऱ्या बुलक समितीच्या 1975 च्या अहवालाने, मुलाने शाळेचा उंबरठा ओलांडताना घरची भाषा बाहेर ठेवून यावे अशी अपेक्षा धरू नये, असे इंग्लंडला स्पष्ट सांगितले होते. गुजराती किंवा पोलिश बोलणारे मूल आपल्या भाषेत टिपण काढून मग इंग्रजीत लिहिते तेव्हा मला कोल्हापुरातल्या त्या शाळा आठवतात, ज्यांच्या आवारात मराठी बोलल्याबद्दल दंड करतात. इंग्रजांच्या देशात जे चालते ते करवीरनगरीत का चालू नये, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

इंग्लंडमध्ये सर्व उत्तम चालले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. येथे पाचातल्या साधारण एका मुलाची घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी आहे, आणि तरीही अशा मुलांसाठी राखून ठेवलेले वेगळे अनुदान 2011 पासून शाळांच्या सर्वसाधारण निधीत मिसळले गेले. त्यानंतर आमच्यासारख्या शिक्षकांची पदे अनेक ठिकाणी कमी झाली. परिणामी चौदाव्या वर्षी या देशात आलेले मूल टॅब्लेट देऊन मागच्या बाकावर बसवले जाते, ते प्रश्न अनुवादकात टाकते आणि आलेले उत्तर उतरवून काढते. यात आणि आपल्याकडच्या गाईडमध्ये मला फरक दिसत नाही. मैदानावर असे मूल दोन वर्षांत सफाईने बोलू लागते, त्यामुळे त्याला इंग्रजी आले असा सर्वांचा समज होतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे की बोलण्याची भाषा दोनेक वर्षांत आली तरी अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. कोल्हापुरात आईवडील पाहुण्यांसमोर मुलाला इंग्रजीत दोन वाक्ये बोलायला लावून निर्धास्त होतात, त्यांनी हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

चांगला स्वाध्याय महाग असतो, त्याला परदेशी साधने लागतात, हा समजही खरा नाही. रूथ वाजनरिब या ऑस्ट्रेलियन शिक्षिकेने 1990 मध्ये सविस्तर मांडलेली श्रुतलेखनाची एक वेगळी रीत मी नेहमी वापरते. शिक्षकाने सात-आठ ओळींचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. मुलांनी पूर्ण वाक्ये न घेता फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग जोडीने बसून, आपापसांत हव्या त्या भाषेत वाद घालून, तो उतारा स्वतःच्या वाक्यांत उभा करायचा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचा. याला खडूखेरीज काही लागत नाही आणि साठांचा वर्ग असला तरी वह्या तीसच होतात. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या शाळेने हा उतारा गुऱ्हाळावर घ्यावा. रस काहिलीत ओतला जातो, चुलवाण पेटवले जाते, मळी काढली जाते, पाक वाफ्यात ओतला जातो. इंग्रजीतला कर्मणी प्रयोग, जो आपल्याकडे ‘व्हॉइस बदला’ या प्रश्नापुरता उरला आहे, तो येथे कामाला येतो, आणि गुळव्याच्या घरचे मूल वर्गात सर्वांत जाणकार ठरते. पंचगंगेच्या पातळीचे आठवड्याचे तक्ते देऊन त्यावर परिच्छेद लिहायला सांगणे हाही तसाच बिनखर्ची स्वाध्याय आहे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बेंगळुरूहून चालवलेल्या प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या शाळांतील मुलांना रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे देऊन, त्यांतले प्रश्न सोडवता सोडवता इंग्रजी शिकवले होते. जगभरचे इंग्रजीचे शिक्षक आजही त्या प्रकल्पाचा अभ्यास करतात, आणि आपल्याकडे मात्र ही विद्या बाहेरून आल्यासारखी वाटते.

पाठांतराला सरसकट नावे ठेवणेही मला पटत नाही. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी 2006 मध्ये केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी अधिक आठवला, पण आठवड्यानंतर मात्र ज्यांनी तो न पाहता आठवून लिहिला होता तेच पुढे होते. पुस्तक मिटून कविता म्हणणे, पाढे न पाहता म्हणणे, ही आपली सवय नेमकी हेच करून घेते आणि इंग्लंडच्या शाळांत ती फार कमी उरली आहे, हे येथील मुलांचे नुकसान आहे. आपण चुकतो ते तिला गाईडच्या उत्तरांवर खर्ची घालून. तीच सवय शब्दांच्या वहीला लावता येईल. प्रत्येक शब्दाशेजारी मराठी अर्थ, तो शब्द कोणत्या शब्दांबरोबर येतो त्याची नोंद आणि स्वतः रचलेले एक वाक्य असावे, आणि उजवी बाजू झाकून ते वाक्य दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा म्हणून पाहावे. आई इंग्रजी शिकलेली नसली तरी वही हातात धरून ती हे घेऊ शकते.

आता वेळेचा प्रश्न, जो शिक्षक मला दर सुट्टीत विचारतात आणि योग्यच विचारतात. जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून उरलेल्या वेळात फेरलेखन तपासायचे कोणी? माझे म्हणणे असे की सगळे तपासू नये. आठवड्याला एकच परिच्छेद, त्यात एकच मुद्दा, आणि रोज काही मोजक्या जोड्या एवढेच तपासावे. उरलेले सोबत्याने वाचावे. दहावीच्या इंग्रजीत 80 गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज 20 गुण शाळेच्या हातात असतात. शिक्षण मंडळाने त्यांतले काही गुण कच्चा खर्डा आणि सुधारलेला परिच्छेद या दोहोंमधल्या फरकाला द्यावेत. तसे झाले तर गाईडमधून उतरवलेल्या निबंधाला ते गुण मिळणार नाहीत, कारण त्याला कच्चा खर्डाच नसतो.