टेकडीची उतराई

पुण्यात टेकडीवर न जाणारा माणूस नसतोच. फार तर ‘सध्या गुडघ्यामुळे बंद आहे’ असं सांगणारा असतो. त्यात सगळा दोष चढावर ढकललेला असतो, आणि तो चढावर अन्याय आहे. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, आणि शहर मुळातच ५६०च्या आसपास बसलेलं. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वर नेऊन ठेवणाऱ्यांना तर उरलेला चढही फारसा नसतो. घरी गेल्यावर तेही ‘टेकडी केली’ असंच सांगतात. चढताना दम लागला की थांबावं, थांबण्याला ‘व्ह्यू बघतोय’ म्हणावं, की झालं. खरा हिशेब परतीला होतो.

कारण पायाखाली मुरूम असतो. आपला काळा पाषाण ऊन-पावसाने कुजून त्याचे बारीक खडे होतात. खाली टणक जमीन आणि वर हे सुटे खडे. पाय पडला की ते गोट्यांसारखे फिरतात. घसरणारा घसरतो तो मात्र घाबरून मागे रेलतो म्हणून. रेललं की सगळं वजन टाचेवर, टाच खड्यांवर आणि खडे आपल्या वाटेने. गुडघे किंचित वाकवायचे, वजन पावलाच्या मधोमध ठेवायचं, पावलं वीत-दोन वीत टाकायची, आणि उतार फार तीव्र असेल तर आडवं, नागमोडी जायचं. तेवढ्यात हातात रिकामा कॅन घेतलेले सत्तरीचे काका, वरच्या झाडांना पाणी घालून, शेजारून सरळ धावत उतरतात. त्यांच्याकडे बघू नये. बघणारा पडतो.

निघण्याआधी नाडी पुन्हा बांधा. चढताना सैल चालते; उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा आदळत राहतो आणि आठवडाभरात नख काळंनिळं होतं. घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडी घेऊन तिथे आवळायची, पंज्यावर नाही. मांड्यांचं दुखणं मात्र नाडीने थांबत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याची तक्रार तो लगेच करत नाही. दुसऱ्या दिवशी, भारतीय पद्धतीच्या संडासात करतो.

आता व्ह्यू. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे वर जाणाऱ्यांना व्ह्यू मिळत नाही, धुरकं मिळतं. रात्री थंड हवा खोलगट भागात साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शहराचा धूर-धुरळा त्याखाली कोंडतो. ‘तो बघा सिंहगड’ म्हणणारे तरीही रोज भेटतात. बोट रोज वेगळ्या दिशेला असतं. ऊन तापून झाकण उठेपर्यंत टेकडीवाले मिसळीच्या दुसऱ्या पावावर असतात. स्वच्छ बघायचं तर पावसाची सर येऊन गेल्यावर, म्हणजे नेमकी वाट निसरडी असते तेव्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्प फिकट गुलाबी फुलतं, फोटोला उत्तम. फांद्यांवर तेव्हा पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे सावलीच्या नावाने शून्य.

हे सगळं जमलं तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताची कुसळं गाठतातच. कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि मागे लांब पिळदार शेपूट. ओल मिळाली की शेपूट पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा घेतं. त्या फिरण्यातून बी जमिनीत शिरतं. मोजा म्हणजे जमीन नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. जाड, लोकरी मोजे त्याला फार आवडतात. गुळगुळीत नायलॉनमध्ये कमी अडकतं. काढताना शेपूट धरून मागे ओढू नये, शेपूट हातात येतं आणि टोक मोज्यातच राहतं. मोजा उलटा करायचा, आत आलेलं टोक नखात किंवा चिमट्यात धरायचं आणि ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे ओढून काढायचं. कंटाळा करून मोजे तसेच वॉशिंग मशीनमध्ये टाकले, तर कुसळं भिजतात, फिरतात, मुक्काम हलवतात आणि टेकडी जन्मात न चढलेल्या माणसाच्या बनियनमधून ऐन मीटिंगमध्ये टोचतात.