'प्रतिकारशक्ती कमकुवत म्हणून कॅन्सर': एका प्रतिक्रियेला उत्तर

हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर आणि टी-पेशींना (रोगट पेशींना मारणाऱ्या प्रतिकारक पेशींना) मोकळं करणारं निवोलुमॅब हे त्यावरचं औषध, यांवरच्या माझ्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली नाव नाही. तिचा गाभा एका वाक्यात आहे: "प्रतिकारशक्ती मुळातच कमकुवत असते म्हणून कॅन्सर होतो, कॅन्सरच्या पेशी टी-पेशींना थोपवतात वगैरे ही औषध कंपन्यांनी रचलेली कथा आहे." पुढे या औषधाची किंमत, दुष्परिणाम आणि इतर लिम्फोमांत ते चालत नाही असे तीन मुद्दे, आणि शेवटी शेरा: "घरबसल्या इंटरनेटवर वाचून लिहिलेला बाजारू लेख."

महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण हा मतभेद नव्हे, पैसे घेऊन लिहिल्याचा आरोप आहे. तो करताना पुरावा नाही, स्वतःचं नावही नाही. चारचौघांत समोर बसून आपण हेच बोलला असतात का?

आता 'घरबसल्या'बद्दल. माझी उमेदीची सगळी वर्षं पॅथॉलॉजीत गेली, लसिकाग्रंथींच्या स्लाइड बघण्यात. हॉजकिनच्या गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की आधी नजरेत भरते ती गर्दी. लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज. ज्या पेशीवरून निदान करायचं ती रीड-स्टर्नबर्ग पेशी, घुबडाच्या डोळ्यांसारख्या दोन केंद्रकांची, या गर्दीत शोधावी लागते. बहुतेकदा शंभरात एखादी. बाकीच्या जवळजवळ सगळ्या रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. प्रतिकारशक्तीच नव्हती, तर एवढ्या पेशी तिथे आल्या कुठून? टी-पेशी त्या रोगट पेशीला खेटून उभ्या असतात आणि तिला मारत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पीडी-१ (टी-पेशीवरचा ब्रेकसारखा रेणू) हे नाव आमच्या कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून.

त्या का मारत नाहीत, याचं उत्तर नवव्या गुणसूत्रात सापडलं. त्याच्या आखूड भुजेवर पीडी-एल१ आणि पीडी-एल२ ही जनुकं शेजारीशेजारी आहेत, आणि जवळच जेएके२ हे जनुक. रीड-स्टर्नबर्ग पेशीत या तुकड्याच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात. त्यामुळे पेशीचा पृष्ठभाग या जनुकांपासून बनणाऱ्या पीडी-एल१सारख्या रेणूंनी भरून जातो, आणि जेएके२ त्यात आणखी भर घालतं. हे रेणू टी-पेशीवरच्या पीडी-१ला चिकटले की टी-पेशीचा हल्ला थंडावतो. २०१६ साली बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतल्या मार्गारेट शिप यांच्या गटानं नव्यानं निदान झालेल्या १०८ रुग्णांच्या बायॉप्सीत हा तुकडा तपासला. ९७ टक्क्यांमध्ये बदल आढळला. शिवाय अनेक गाठींत एपस्टाइन-बार विषाणू असतो, तोही पीडी-एल१ वाढवतो. ही कथा कंपन्यांनी रचली म्हणता, तर पीडी-१ सापडलं १९९२ मध्ये, क्योतोला, तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत. हॉजकिनसाठी निवोलुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१६ मध्ये. मधे दोन तपं गेली!

सगळ्यात मोठा पुरावा तर रुग्णांचाच आहे. हॉजकिनमध्ये निवोलुमॅबच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात २३ जण होते. बहुतेकांचं स्वतःच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण होऊनही रोग उलटलेला. केमोनं पिचलेली ही शरीरं. आपल्या हिशेबानं यांची प्रतिकारशक्ती संपलेलीच असायला हवी. निवोलुमॅब स्वतः कॅन्सरच्या पेशीला मारत नाही, फक्त टी-पेशीवरचं पीडी-१ झाकतं. तरी २३ पैकी २० जणांच्या गाठी आटल्या. चौघांमध्ये रोग पूर्ण दिसेनासा झाला.

एक मान्य करतो. एचआयव्हीत किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दबलेली असताना लिम्फोमाचा धोका वाढतो, तेवढ्यापुरतं आपलं वाक्य बरोबर आहे. पण एचआयव्हीतही हॉजकिन जास्त दिसतो तो सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या टी-पेशी) मध्यम पातळीवर असताना, त्या तळाला गेल्यावर नाही. या कॅन्सरला आजूबाजूच्या पेशींची ती गर्दी लागते.

आपल्या त्या वाक्याचा मला राग आला, त्याला कारण आहे. कॉलेजात कबड्डी खेळणारा एक मुलगा होता. मानेला गाठ, आणि कित्येक महिने टीबीची औषधं चाललेली. गाठ बायॉप्सीला आमच्याकडे आली तेव्हा कळलं की हॉजकिन आहे. त्याची आई मला विचारत होती, "मी त्याच्या खाण्यापिण्यात कमी पडले का हो?" प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून कॅन्सर झाला असं सहज लिहिणाऱ्यानं अशा एखाद्या आईला तोंड देऊन बघावं.

राहिलेले मुद्दे. डिफ्यूज लार्ज बी-सेल या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात हे औषध फार थोड्यांना लागू पडतं, हे मूळ लेखात आहे. आपण शेवटपर्यंत वाचला नसावा. दुष्परिणाम आहेत, फुप्फुसाला आणि थायरॉइडला सूज येऊ शकते, तेही लिहिलं आहे. किंमत अफाट आहे, यावर वादच नाही. पण किमतीवरून पेशीतली यंत्रणा खोटी ठरत नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या आणि रीड-स्टर्नबर्ग पेशीबद्दल द्या, सविस्तर उत्तर देईन. 'बाजारू' हा शब्द पुन्हा आला, तर मात्र प्रतिक्रिया काढून टाकीन.