मावशी, ते 53 सेकंद एडिंबरापासून मोजलेले नाहीत!

मावसबहीण एडिंबराला असते. जूनमध्ये मावशी-काका तिच्याकडे चाललेत. परवा रात्री मावशीचा फोन: "अगं, तिथं 53 सेकंदांत बेटावर नेणारं विमान आहे म्हणे. नाश्ता करून जाऊ, जेवायला घरी!" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड. निळ्या समुद्रावर भलंमोठं जेट आणि खाली: "जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास! स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, रोज फक्त 53 सेकंदांत. बोट नाहीच, म्हणून लोक भाजी आणायलाही विमानानं जातात! एडिंबराला गेलात तर चुकवू नका." तेव्हापासून हेच मला आणखी तीन ग्रुपांवर आलंय.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण त्यावर मावशीची तिकिटं अडकलीत. ही दोन्ही बेटं ऑर्कनी या द्वीपसमूहात, म्हणजे स्कॉटलंडचं उत्तर टोक ओलांडून समुद्रात. एडिंबराहून कर्कवॉलला, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावाला, विमानानंच तासाहून जास्त. तिथून वेस्ट्रेला दुसरं, छोटं विमान. मग कुठे तुमची ती सेकंदं सुरू होणार. मुंबईत उतरलेल्या पाहुण्याला मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी दाखवून "बघा, किती जवळ!" म्हणण्यातला प्रकार. होडीला वेळ थोडाच लागतो, पण मालवणला कोण पोचवणार?

आता "रोज 53 सेकंद". अहो, तो विक्रम आहे. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाचा, ज्यांनी हा मार्ग 12,000 हून जास्त वेळा उडवला. लोगनएअर ही विमानकंपनी 1967 पासून ही सेवा चालवते आणि वेळापत्रकात धरलेली असतात दोन मिनिटं. बरं, गणित करून बघा: 2.7 किलोमीटर 53 सेकंदांत, म्हणजे ताशी साधारण 183 किलोमीटर. वंदे भारत ज्या वेगासाठी बांधलीय, जवळपास तेवढाच. वारा पाठीशी असेल तर लवकर, समोरून असेल तर उशीर, आणि धुकं उतरलं तर बसा कर्कवॉलला चहा पीत.

फोटोतलं जेट तर सोडाच. तिथं आयलँडर नावाचं दोन पंख्यांचं विमान जातं. प्रवासी आठ, त्यातला एक चक्क पायलटच्या शेजारी.

बोटही आहे. दोन बेटांमध्ये साधारण पंचवीस मिनिटांची. आणि भाजीचं म्हणाल तर पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. या विमानानं शिक्षक येतात, डॉक्टर येतात, पेशंट जातात. त्यांच्या एसटीला आपण चैन समजून हसतोय.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: नियमित उड्डाणांत हे जगातलं सर्वांत छोटं, हे खरं. गिनीजमध्ये नोंद आहे. अंतराचंही आश्चर्य वाटावं असंच आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब भरते.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं, पण त्या पापावर बघायला आहे काय?"

नॅप ऑफ हॉवर, म्हटलं. समुद्राकाठची दगडी घरं, दोन, एकमेकांना चिकटून. पाच हजार वर्षांहून जुनी.

"मग जेवायला घरी कशाला यायचं? राहू की एक रात्र," मावशी म्हणाली, आणि मागून काकांचा आवाज आला, "आधी कर्कवॉलचं तिकीट किती पडतं ते विचार."