चालतोय की, सर!

सकाळचे साडेसहा. स्वेटर, कानटोपी आणि पायात रबरी स्लिपर अशा अवतारात मी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ओणवा झालोय. डावा तळहात कॅबिनेटच्या कुशीवर, उजव्या हाताचं बोट बटणावर. पंखा बंद. ट्यूबलाइटही बंद, कारण ट्यूब चालू असली की तो उठत नाही असं नातवाचं मत. मी मनात एक ते सात मोजतो आणि बटण दाबतो. सातच का? मागे एकदा सातला सुरू झाला होता म्हणून.

हे करणारा माणूस एकतीस वर्षं साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. ग्रहणाच्या दिवशी याच माणसाने आठवीच्या अख्ख्या वर्गाला पटांगणात बसवून कांदेपोहे खायला घातले होते. मांजर आडवं गेलं म्हणून घंटा द्यायची थांबलेल्या शिपायाला "मांजराला कुठे जायचं होतं ते आधी विचार" असं सुनावलं होतं. तो शिपाई आता मला या अवस्थेत बघेल तर माझ्या पेन्शनवर हरकत घेईल.

कॉम्प्युटर 2008 सालचा. लेक इंजिनिअरिंगला गेली तेव्हा सुटे भाग जुळवून घेतलेला. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम आणि एकशेसाठ जीबीची हार्ड डिस्क, जी "सर, आयुष्यभर भरणार नाही" असं दुकानदार म्हणाला होता. लेक शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, तो मुलगा सुट्टीत येऊन यावर पत्ते खेळायला लागला. कॉम्प्युटर आहे तिथेच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनवरचा हात काढून घेतला तो 14 जानेवारी 2020 ला, ऐन भोगीच्या दिवशी. आम्ही तीळ लावलेली भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सुरू केलं.

लेक म्हणते, "बाबा, द्या ना आता भंगारात." नवा लॅपटॉप तिने आणूनही दिलाय. पण माझ्या प्रश्नपत्रिका, टाचणं, स्नेहसंमेलनासाठी लिहिलेली नाटुकली, सगळं युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टात आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असत. फॉन्ट नसला की मूळ मालक येऊन आपापल्या खुर्च्या अडवतात. लॅपटॉपवर 'आर्किमिडीजचे तत्त्व सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न उघडला, तर डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेल्या रोमन अक्षरांची वरात निघाली. ते बघून आर्किमिडीजसुद्धा टबात परत गेला असता. तेव्हा हा म्हातारा जगणं आवश्यक होतं.

आता दुखणं. सरळ आजारी असता तर बरं झालं असतं. कधी पंखा गरगरतो, हिरवा दिवा लागतो आणि पडदा काळा ठिक्कर. कधी पंखा दोन सेकंद फिरून थांबतो, परत फिरतो, परत थांबतो, उचकी लागल्यासारखा. कधी आतून लांबलचक टीऽऽ टीऽऽ सुरू होतं. आणि कधी पहिल्याच बोटाला असा सुरू होतो, जणू कालची सकाळ आम्हीच स्वप्नात पाहिली.

पूर्ण मेलेल्या यंत्राशी प्रामाणिक व्यवहार करता येतो. मधूनमधून मरणाऱ्याशी नाही. कारण त्याच्या जिवंत होण्याआधी तुम्ही जे काही करत होतात, त्याचं श्रेय तुम्हाला मिळतं. आमच्या घरात त्यामुळे तीन संप्रदाय निर्माण झाले. माझा थापट-संप्रदाय. नातवाचा अंधार-संप्रदाय. आणि हिचा सगळ्यात कर्मठ: आधी देवाचं, मग याचं. रात्री भिंतीवरची सगळी बटणं बंद करणं हा आमच्या घरचा धर्म आहे. सकाळी ही येता-जाता ती खाली करते, देवापुढे दिवा लावते, स्तोत्र म्हणते, चहा टाकते आणि मग म्हणते, "हं, आता लावा." मी म्हणायचो, "अगं, देवाला विंडोज येत नाही." ती म्हणायची, "तुम्हाला तरी कुठे येतंय?"

1948 साली स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग केला. ठरावीक वेळाने पिंजऱ्यात आपोआप दाणे यायचे. कबुतराने काहीही करो वा न करो. थोड्याच दिवसांत एक कबुतर गोल गिरक्या घ्यायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. दाणे यायच्या वेळी जे चाललं होतं त्यानेच दाणे येतात, अशी त्यांची खात्री पटली. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगायचो, गिरकीसकट. पोरं खूप हसायची. आता टेबलाखाली सात मोजताना ते हसू ऐकू येतं.

दुरुस्तीवाला पोरगा पोवई नाक्यावरून स्कूटरवर येतो. पहिल्या वेळी तो आला, बूट काढले, खुर्चीवर बसला, बटण दाबलं. टिक् करून एकच बीप, निळा पडदा, स्वागताची धून.

"चालतोय की, सर."

"आता चालतोय. सकाळी सात वेळा..."

"चालतोय की."

दाढ दुखते म्हणून रात्रभर तळमळावं आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर कुठली दाढ तेच आठवू नये, तशी माझी गत. तीनशे रुपये त्याला चालतोय म्हणाल्याबद्दल दिले. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा तर कॉम्प्युटर त्याच्या स्कूटरचा आवाज ओळखून सुरू झाला असावा. पण त्या वेळी पोराचं लक्ष पडद्यावरच्या कोपऱ्याकडे गेलं. "सर, तारीख काय लावलीय?"

तारीख होती 1 जानेवारी 2008. म्हणजे मी पुन्हा नोकरीत होतो, गुडघे ठणठणीत होते आणि लेकीचं लग्न व्हायचं होतं. मला बरं वाटलं. वीजबिलाच्या वेबसाइटला नाही. ती आठवडाभर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत होती आणि मी वीज कंपनीला शिव्या घालत होतो. वेबसाइटचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालतं हे ठरलेलं असतं. 2008 मधल्या माणसासमोर ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. मदरबोर्डवर एक बटणासारखी बॅटरी असते, वीज बंद असताना घड्याळ चालवायला. सीआर2032. हे नाव मला फार आवडलं: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. नावातच मापं. माणसांची नावं अशी असती तर कितीतरी लग्नं जुळवताना वेळ वाचला असता. घड्याळवाल्याकडून आणून बसवली. तारीख आजची झाली, गुडघे पुन्हा दुखायला लागले आणि सकाळची उचकी होती तशीच राहिली.

मग बीपचा मागोवा. ही भाषा प्रत्येक बनावटीच्या बोर्डाची वेगळी. आमच्याकडच्या लांब टीऽऽ टीऽऽचा अर्थ 'रॅम सापडत नाही'. पोराने फोनवरच उपाय सांगितला: रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासा, परत बसवा. पावसाळ्यात दमट हवेने त्या दातांवर पुटं चढतात. साताऱ्याच्या पावसात आमच्या दारांनाही फुगवटा येतो, तर दातांचं काय घेऊन बसलात! वायर काढून कॅबिनेट उघडलं. आत सोळा वर्षांची धूळ गोधडीसारखी पसरली होती आणि एका कोपऱ्यात पालीची शेपटी होती. फक्त शेपटी. बाकीच्या पालीने शहाणपणा केला होता.

खोडरबर नातवाच्या कंपासातला घेतला. तो निघाला स्ट्रॉबेरीच्या वासाचा, गुलाबी आणि चिकट. सोनेरी दातांवर गुलाबी मंजन झालं. ते कण फुंकून काढताना धूळ माझ्या नाकात गेली आणि मी रॅमवर शिंकलो. शेवटी पांढरा खोडरबर आणून सगळं पहिल्यापासून. पट्टी बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'कट्' म्हणाल्या पाहिजेत. एक म्हणाली, दुसरीला मनवावं लागलं. त्या दिवसापासून टीऽऽ टीऽऽ कायमची गेली. उचकी मात्र राहिली आणि खोलीला आठवडाभर आइस्क्रीमच्या दुकानाचा वास येत होता.

स्लिपरचंही सांगायचं राहिलं. अनवाणी शहाबादी फरशीवर उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियनने प्लगचा बोर्ड उघडला तर अर्थिंगच्या तिसऱ्या भोकात वायरच नाही. भोक नुसतं शोभेला. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमधून, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या बारक्या डब्यांमधून, कॅबिनेटच्या पत्र्यावर भिंतीतल्या विजेचे जवळजवळ निम्मे व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह अगदी क्षीण, पण चावायला पुरेसा. अर्थिंग होईपर्यंत मी स्लिपर घालून बसायचो आणि ही म्हणायची, "देवाच्या खोलीत चप्पल?" विज्ञान आणि धर्म यांच्यातला आमच्या घरचा तेवढाच खराखुरा संघर्ष. अर्थिंग झालं तरी स्लिपर सुटली नाही, कारण स्लिपर असताना तो दोनदा पहिल्या बोटाला सुरू झाला होता.

शेवटी मी दोनशे पानी वही घातली. रकाने आखले: वेळ, हवामान, बटण किती वेळा, परिणाम, शेरा. आता एका वेळी एकच घटक बदलायचा, ही शपथ. ती साडेतीन दिवस टिकली. चौथ्या सकाळी मी वायर हलवली, थापट मारली, ट्यूब बंद केली आणि सात मोजले, सगळं एकदम; तो सुरू झाला; आणि शेऱ्याच्या रकान्यात 'कशामुळे?' एवढंच लिहून मी पेन ठेवलं. विद्यार्थ्याने असा प्रयोग लिहिला असता तर मी दहापैकी दोन दिले असते, तेही अक्षरासाठी.

शेजारी एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आहेत. कुंपणावरून त्यांनी वही पाहिली, पानं उलटली आणि म्हणाले, "गुरुजी, सगळे नकार सकाळचेच हायत की. आन् थंडीतले. आमची डेपोतली गाडी अशीच करायची. डिझेल गार पडलं की पाच-धा सेल्फ मारल्याबिगर उठायची न्हाई." मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरमध्ये डिझेल नसतं. त्यांनी मान डोलवली. आमच्यात कुणीतरी मूर्ख होतं, आणि ते कोण याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

तिसऱ्या वेळी मी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, "पेशंट हाय काय?" दुकानात बटण दाबलं. सुरू. पोराने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "चालतोय की." मग टेबलावर ठेवून निघालो. "रात्रभर राहू दे तुझ्याकडे. मेन स्विच बंद करून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला फोन. "सर, तुमचं खरं होतं. उठत नाही."

इतका आनंद मला शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता. मी हिला ओरडून सांगितलं, "बंद पडला! त्याच्यासमोर बंद पडला!" शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं की कोण गेलं.

मी पोचलो तोवर त्याने एसएमपीएस खोलला होता. भिंतीतले 230 व्होल्ट घेऊन आतल्या मंडळींना 12, 5 आणि 3.3 असे मापून वाटणारा तो पत्र्याचा डबा. आत बोटाच्या पेराएवढ्या कपॅसिटरांची रांग. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. चार जणांची पुरीसारखी टम्म फुगलेली, आणि एकाच्या माथ्यावरच्या चिरेतून तपकिरी काहीतरी ओघळून वाळलेलं. पोराने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. "हे गेलेत, सर. आतला द्रव सुकतो. आणि गार असले की अजूनच काम करत नाहीत. जरा कोमट झाले की कसंबसं ढकलतात." कॉम्प्युटर 'बंद' असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर हा डबा पाच व्होल्टांची एक बारीक धार चालू ठेवतो, पुढचं बटण दाबल्याचं कळावं म्हणून. तेवढ्या धारेवर तो हळूहळू ऊब धरतो. दुपारी, घरातल्या उबेत, रिक्षातल्या उन्हात तो चालायचा. पहाटे मेन चालू करून लगेच सात मोजले की नाही. मी बटण सात वेळा दाबत होतो, तेव्हा खरं तर फक्त वेळ काढत होतो.

नवा एसएमपीएस बसला. जुना मी पिशवीत घालून घरी आणला. माळ्यावर ठेवलाय, लागेल कधीतरी.

संध्याकाळी हिला सगळं सविस्तर सांगितलं: कपॅसिटर, द्रव, पाच व्होल्टांची धार. ती शेंगा सोलत होती.

"म्हणजे बटण लावून जरा वेळ थांबायचं, एवढंच ना?"

"हो, पण त्यामागचं कारण..."

"मग मी रोज काय करत होते? बटण लावायचे, तोवर दिवा, स्तोत्र, चहा."

मी वही उघडली. हिच्या पद्धतीने लावलेल्या सकाळींच्या पुढे एकही फुली नव्हती. शेऱ्यात मीच लिहिलं होतं: 'योगायोग'.

"तुला कसं कळलं?"

"आमच्या माहेरी वाल्वचा रेडिओ होता. कान पिळला तरी लगेच बोलायचा नाही. आधी तो हिरवा डोळा लागायचा, मग खरखर, मग बातम्या. आम्ही पोरं कान पिळत बसलो की अण्णा ओरडायचे, अरे, जागा तर होऊ दे त्याला." तिने शेंगांची टरफलं पेपरात गोळा केली. "आणि ती वही अर्धी कोरी आहे ना अजून? द्या इकडे. दुधाचा हिशेब मांडते."